तांबट आणि कुटुर्गा: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी जवळ आली की माझ्या फोनवर आवाजांच्या क्लिपा यायला लागतात. कुणी चोपड्याहून पाठवतं, कुणी शिरपूरहून, कुणी जळगावच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरून. आवाज दोनच असतात, एक 'टुक टुक टुक' आणि दुसरा 'कुटर्रू कुटर्रू'. खाली प्रश्नही तोच, "ताई, हा कोण?" उत्तरं देता देता बरीच माहिती साठली. शाळांतल्या मुलांचे, शेतकऱ्यांचे आणि आमच्याच गल्लीतल्या बायकांचे प्रश्नही त्यात आले आहेत. ते सगळं इथे एकत्र ठेवते आहे.

भरदुपारी 'टुक टुक टुक' करणारा हा आवाज पक्ष्याचाच आहे का? कुणी काही ठोकत असल्यासारखं वाटतं.

पक्ष्याचाच. त्याचं नाव तांबट. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडावी तसा एकसुरी, धातूचा ठोका येतो, म्हणून तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिराचं नाव त्याला मिळालं. इंग्रजीतही त्याला 'कॉपरस्मिथ' म्हणजे तांबटच म्हणतात. दोन वेगळ्या भाषांतल्या लोकांनी एकच आवाज ऐकून एकच नाव ठेवलं, यावरून तो आवाज किती हुबेहूब असेल ते कळतं. माझी अमळनेरकडची आजी उन्हाळ्यात ओट्यावर बसल्या बसल्या विचारायची, "कोन ठोकी ऱ्हायनं वं माय?" तांबट आळीतला ठोका तिने लहानपणी ऐकलेला होता, त्यामुळे खूप वर्षं तिला हा पक्षी आहे हे पटलंच नाही.

एका मिनिटात साधारण १०८ ते १२१ ठोके पडतात. एकदा सुरू झाला की न थांबता दोनशेच्या आसपास ठोके सलग देऊ शकतो. सुरुवातीचे ठोके दबके असतात, मग आवाज चढतो. मी गच्चीवर घड्याळ लावून मोजलं तेव्हा मिनिटाला ११२ भरले होते.

आवाज इतका स्पष्ट येतो, मग पक्षी दिसत का नाही?

दोन कारणं आहेत. तो पाठीकडून पानासारखा हिरवा आहे आणि झाडाच्या शेंड्याला बसतो, हे एक. दुसरं जास्त गमतीचं आहे. ठोका देताना तो मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवतो. त्यामुळे आवाज एकदा जवळून आल्यासारखा वाटतो, एकदा लांबून. आपण लिंबाखाली शोधत राहतो आणि तो पलीकडच्या पिंपळावर असतो.

शोधायचा असेल तर सकाळी शोधा. थंडीच्या आणि वसंताच्या सकाळी हे पक्षी झाडाच्या अगदी वरच्या, निष्पर्ण काटकीवर उन्हं खात बसतात. तेव्हा दुर्बिणीशिवायही दिसतात.

ठोका देताना चोच मिटलेली असते म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे, आणि एकदा तरी जवळून पाहावं असंच ते दृश्य आहे. आमच्या गच्चीच्या उंचीला शेवग्याचा शेंडा येतो. तिथे हातभर अंतरावर बसलेला तांबट मी पाहिला आहे. चोच घट्ट मिटलेली. प्रत्येक ठोक्याला गळ्याच्या बाजूची उघडी कातडी रबरी फुग्यासारखी फुगायची आणि लगेच बसायची. सोबत डोकं पुढे झुकायचं आणि सगळं अंग, शेपटीच्या टोकापर्यंत, हलायचं. एवढासा जीव स्वतःच भाता आणि स्वतःच हातोडी झाला होता.

तो दिसतो कसा?

चिमणीपेक्षा थोडा मोठा, पण अंगाने गोळीबंद. लांबी १५ ते १७ सेंटिमीटर, वजन तीस ते पन्नास ग्रॅम. कपाळावर कुंकवाचा मळवट भरल्यासारखा लाल पट्टा, गळा पिवळा आणि त्याखाली छातीवर पुन्हा एक लाल पट्टा. डोळ्याच्या वर-खाली पिवळं. पोट फिकट, त्यावर हिरवट रेघोट्या. पाय लालसर. शेपूट आखूड, त्यामुळे उडताना तिकोनी दिसतो. चोच जाड, आणि तिच्या मुळाशी राठ केस. इंग्रजीत या पक्ष्यांना 'बार्बेट' म्हणतात, ते या केसांमुळेच. त्या शब्दाच्या मुळाशी दाढी आहे.

नर आणि मादी सारखेच दिसतात. लहान पिल्लांच्या अंगावर मात्र लाल नसतं. जून-जुलैत "वेगळ्याच जातीचा मळकट तांबट दिसला" म्हणून जे फोटो येतात, ती बहुतेक वेळा यंदाचीच पिल्लं असतात.

आणि 'कुटर्रू कुटर्रू' करणारा कोण?

तो कुटुर्गा. काही जण त्याला कुर्टुक म्हणतात. तांबटाचाच भाऊबंद, पण आकाराने साळुंकीपेक्षाही मोठा, साधारण २७ सेंटिमीटर. अंग गवती हिरवं, डोकं, मान आणि छाती तपकिरी, त्यावर फिकट उभ्या रेघा. डोळ्याभोवती नारिंगी कातडीचं मोठं कडं असतं, विणीच्या दिवसांत चोचही नारिंगी-लाल होते. आवाजाची सुरुवात 'कुर्रर्र' अशी घोळून होते आणि मग 'कुटर्रू कुटर्रू' चालू. एकाने सुरू केलं की दुसरा जवळच्या टेकाडावरून साथ देतो, मग तिसरा. सातपुड्यात मार्चच्या सकाळी दरीच्या दोन्ही अंगांनी हा आवाज येत असतो.

तांबट गावात, शहरात, रस्त्याकडेच्या झाडांवर सगळीकडे भेटतो. कुटुर्ग्याला जास्त दाट झाडी लागते. तापीकाठच्या जुन्या आमराया आणि मोठे वड असले तर तो मैदानातही दिसतो, एरवी त्याला भेटायला डोंगराकडे जावं लागतं.

खानदेशात या कुळातल्या किती जाती आहेत?

नेहमी दिसणाऱ्या या दोनच. फोटो पाठवणारे कित्येकदा तिसऱ्या जातीचं नाव लिहितात, ती म्हणजे पांढऱ्या गालाचा कुटुर्गा. त्याचं घर सह्याद्री आहे, उत्तरेला डांगच्या जंगलापर्यंत. तुमच्या फोटोतल्या पक्ष्याच्या गालावर ठळक पांढरा पट्टा नसेल आणि डोळ्याभोवती नारिंगी कडं असेल, तर तो आपला नेहमीचा कुटुर्गाच.

संपूर्ण कुळ मोठं आहे. आशियातल्या तांबटांच्या पस्तीसच्या आसपास जाती आहेत. हिमालयात मैनेएवढ्या नव्हे, चांगल्या कबुतराएवढ्या आकाराचा मोठा तांबट आहे. गोव्यापासून केरळपर्यंतच्या जंगलांत लाल गळ्याचा मलबारी तांबट आहे. मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या सदाहरित जंगलांत तर निळे, पिवळे, लाल, काळे असे रंग एकाच डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या जाती आहेत. आपला छोटा तांबट मात्र या सगळ्यांत जास्त पसरलेला. पाकिस्तानपासून फिलिपिन्सपर्यंत तो सापडतो, आणि फिलिपिन्समध्ये या कुळातला तो एकटाच.

टुकन हा पक्षी सातपुड्यात दिसतो का? आम्ही मोठ्या चोचीचा पक्षी पाहिला.

तुम्ही पाहिला तो राखी धनेश. टुकन मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, तो इथे रानात सापडणार नाही. दोघांची चोच मोठी, दोघंही फळं खातात, म्हणून लोक घोटाळ्यात पडतात. पण नातं पाहायला गेलं तर धनेश हुदहुदाच्या बाजूचा आहे, आणि टुकनचे नातेवाईक म्हणजे आपले तांबट.

हे मी शाळेत सांगते तेव्हा मुलांचे डोळे मोठे होतात. टुकन, अमेरिकेतले तांबट, आफ्रिकेतले तांबट, आशियातले तांबट ही एकाच मोठ्या खानदानाची वेगवेगळी घरं आहेत, आणि सुतारपक्षी त्यांचे चुलते. पूर्वी तिन्ही खंडांतल्या तांबटांना एकाच कुळात धरत, आता वेगवेगळी कुळं मानतात. पायाची ठेवण बहुतेकांची सारखी, दोन बोटं पुढे आणि दोन मागे. बहुतेक झाडाच्या ढोलीत राहतात. टीव्हीवर ॲमेझॉनच्या जंगलातला टुकन बघून हरखणाऱ्या पोराला मी सांगते, त्याचा लांबचा भाऊ तुझ्या शाळेच्या कुंपणावरच्या पिंपळावर बसलाय.

तांबट खातो काय?

मुख्यतः फळं, आणि त्यातही वड, पिंपळ, उंबर, पायर यांची. त्याशिवाय बोरं, जांभळं, इतर रानफळं. फुलांच्या पाकळ्या आणि मधुरसही घेतो. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या बाहेर पडतात तेव्हा तांबट हवेत झेप घेऊन त्या पकडतो. पिल्लांना फळांबरोबर किडेही भरवले जातात.

त्याची भूक अंगापेक्षा मोठी आहे. एक तांबट दिवसाला स्वतःच्या वजनाच्या दीडपटीपासून जवळपास तिपटीपर्यंत फळं खातो असा अंदाज आहे. उंबर-वडाच्या फळात पाणी आणि चोथा जास्त, सत्त्व थोडं, म्हणून सारखं खावं लागतं.

आता उंबराविषयी थोडं, कारण त्याशिवाय या पक्ष्याची गोष्ट अर्धी राहते. उंबर फोडलं की आत किडे निघतात, म्हणून आपल्याकडे बरेच लोक ते तोंडात घालत नाहीत. ते किडे म्हणजे इवल्याशा गांधीलमाश्या. उंबर, वड, पिंपळ यांची फुलं फळाच्या आतल्या बाजूला असतात, आणि या माश्यांशिवाय त्यांचं परागण होत नाही. माशीला पिल्लं वाढवायला फळ लागतं, झाडाला बी धरायला माशी लागते. ही माशी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहायची तर कुठल्या ना कुठल्या झाडाला फळ असलंच पाहिजे, म्हणून या कुळातली सगळी झाडं एकाच वेळी पिकत नाहीत. एक उंबर पौषात लगडलेलं असतं, नदीपलीकडचं दुसरं चैत्रात. एप्रिल-मे महिन्यात खानदेशात बाकीचं रान करपून जातं, पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, तेव्हाही कुठेतरी एक वड लाल फळांनी भरलेला असतो. त्या वडावर तांबट, कुटुर्गा, हरियाल, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या, पोपट, धनेश सगळे जमतात. भर उन्हात अशा झाडाखाली उभं राहिलं तर वरून फळांचा सडा पडत असतो आणि पंखांचा आवाज थांबत नाही.

तांबट केळीच्या बागेचं नुकसान करतो का?

हा प्रश्न रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपड्याकडून येतो आणि तो रास्त आहे. वर्षभराची मेहनत बागेत उभी असते. माझं उत्तर सरळ आहे, केळीला याची भीती बाळगू नका. आपल्याकडे घड हिरवा, कच्चा असतानाच कापला जातो आणि केळी नंतर रायपनिंग चेंबरमध्ये पिकते. कच्च्या हिरव्या केळात या पक्ष्याला रस नाही. चुकून झाडावरच पिकलेल्या घडाला कुटुर्गा चोच लावतो, पण तो घड तसाही बाजारात जाणारा नसतो. केळीच्या खोडात तो घर करू शकत नाही, ते लाकूडच नव्हे.

पपई आणि पेरूचं वेगळं आहे. झाडावर पिकलेलं फळ कुटुर्गा खातो, तांबटही टोचतो, हे मी नाकारणार नाही. घरच्या चार झाडांचं असेल तर पिकायला आलेलं फळ कागदात किंवा कापडी पिशवीत बांधा. मोठी बाग असेल तर फळ रंग धरायला लागताच तोडणी करा, तशीही ती तेव्हाच करावी लागते. बांधावर एक उंबर असेल तर पक्षी बऱ्याचदा तिकडेच रमतात, हा माझा आमच्या शेतातला अनुभव आहे. बारीक नायलॉनची जाळी मात्र मोकळी सोडू नका. तिच्यात अडकून पक्षी तडफडून मरतात, आणि त्यात किडे खाऊन आपलंच काम करणारे कोतवाल आणि वेडे राघूही सापडतात.

भिंतीत पिंपळ उगवतो तो याच पक्ष्यांमुळे का?

याच्यामुळेही. फळ गिळल्यावर बारीक बी विष्ठेतून बाहेर पडतं, मोठी बी असेल तर तो ती ओकून टाकतो. पक्षी बसेल तिथे बी पडतं, मग ती फांदी असो, विहिरीचा कठडा असो की तुमच्या घराची गच्ची. शिंदीच्या झाडावर पिंपळ वाढलेला खानदेशात जागोजाग दिसतो. त्याची सुरुवात अशा एखाद्या विष्ठेच्या थेंबापासून झालेली असते. कुणीही खड्डा खणलेला नाही, पाणी घातलेलं नाही, तरी माळावर एकटा वड उभा आहे, तो असाच.

भिंतीतलं रोप काढावंच लागतं, मुळं भिंत फोडतात. पण ते लहान असताना, पहिल्या पावसात भिंत ओली झाली की मुळासकट हलक्या हाताने काढा आणि बांधावर, ओढ्याकाठी किंवा गावठाणाच्या मोकळ्या जागेत लावा. आमच्या गावच्या ओढ्याकाठी अशी भिंतीतून काढलेली चार पिंपळाची झाडं आहेत. त्यातलं सर्वांत जुनं माझ्या उंचीच्या तिप्पट झालं आहे.

तो घरटं कुठे करतो?

काडी-काडी जमवून नाही. स्वतः लाकूड कोरून ढोली करतो. इथे त्याच्यात आणि सुतारपक्ष्यात एक मोठा फरक आहे. सुतारपक्ष्याची चोच छिन्नीसारखी असते. तांबटाची चोच जाड आहे, पण तेवढी कणखर नाही. हिरवं, टणक लाकूड त्याला कोरता येत नाही. त्याला वाळलेली, आतून थोडी कुजलेली फांदी लागते, नाहीतर शेवगा, पांगारा, काटेसावर अशा हलक्या लाकडाचं झाड. तोंड फांदीच्या खालच्या अंगाला ठेवतो, म्हणजे पाऊस आत येत नाही. भोक इतकं लहान की तो स्वतः जेमतेम आत शिरेल.

आमच्या शेवग्यावर फेब्रुवारीत एका जोडीने काम काढलं होतं. दोघं आळीपाळीने यायची. पहिले काही दिवस फक्त एक खळगा दिसत होता. मग डोकं आत जायला लागलं, मग अर्धं अंग, मग शेपटीचं टोक तेवढं बाहेर. त्यानंतर आतून 'टक टक' ऐकू यायचं आणि थोड्या वेळाने चोचीत भुसा धरलेलं तोंड भोकात दिसायचं. भुसा टाकून पुन्हा आत. खाली तुळशीवृंदावनावर रोज लाकडाच्या चुऱ्याचा पातळ थर साचायचा, सासूबाई तो रोज झाडायच्या आणि रोज वर बघून विचारायच्या, "झालं का गं त्यांचं घर?"

आत अंथरूण काहीच नसतं. कोरलेल्या लाकडाच्या चुऱ्यावरच मादी पांढरी अंडी घालते, बहुतेक वेळा तीन किंवा चार. दोघं मिळून साधारण दोन आठवडे उबवतात. पिल्लं महिनाभराहून जास्त काळ ढोलीत असतात. कधीकधी लगोलग दुसरी वीणही होते. विणीशिवायच्या दिवसांत रात्री झोपायलाही ढोलीच वापरतात, म्हणजे ही एका मोसमाची गोष्ट नाही, ते बारमाही घर आहे.

अंगणातल्या झाडाची वाळलेली फांदी तोडू का?

हे पान मी ज्या एका उत्तरासाठी लिहिते आहे, ते हे.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही शेवग्याची छाटणी केली. शेंगा उतरवून झाल्या होत्या, एक जाड फांदी वाळलेली होती, वादळात पत्र्यावर पडेल म्हणून तीही कापायला सांगितली. फांदी खाली आली आणि दुभंगली. आत भुशात तीन पांढरी अंडी होती. दोन फुटली होती, एक शाबूत होतं. जोडी संध्याकाळपर्यंत समोरच्या तारेवर बसून राहिली. फांदी जिथे होती त्या रिकाम्या जागेपाशी उडून यायची आणि परत तारेवर जायची. त्या फांदीवर नजर टाकायला मला दोन मिनिटं लागली असती. भोक खालच्या बाजूला होतं, मी खालून पाहिलंच नव्हतं.

म्हणून सांगते, वाळलेली फांदी बघितली की कुऱ्हाड आठवते, पण आधी खालून नीट बघा. गोल, कडा स्वच्छ असलेलं भोक दिसलं तर ती फांदी कुणाचं तरी घर आहे. माणसाच्या डोक्यावर, घरावर किंवा तारेवर पडण्यासारखी नसेल तर ती राहू द्या. तोडावीच लागली तर पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास तोडा, आणि तेव्हाही बुंध्याकडचा दोन-तीन हात तुकडा ठेवा. तांबट त्यातही घर करतो. फेब्रुवारी ते जून या काळात वाळलेल्या लाकडाला हात लावू नका. शहरात झाड तोडायचं असेल तर महाराष्ट्रात १९७५ पासून झाडांच्या जतनाचा कायदा आहे आणि नगरपालिकेची परवानगी लागते, हेही लक्षात असू द्या.

गाव स्वच्छ करायच्या नादात आपण वठलेली झाडं सर्वांत आधी काढतो, सरपणालाही तीच जातात. पण तांबटाने सोडलेल्या ढोलीत पुढे दयाळ येतो, पीतकंठी चिमणी येते, रामगंगा येते. यातल्या कुणालाच स्वतः लाकूड कोरता येत नाही. एक ढोली गेली की मागची सगळी रांग बेघर होते. जंगलाचंही तेच. शहाद्याजवळच्या जंगलात १९९७ मध्ये रानपिंगळा पुन्हा सापडला, त्याआधी ११३ वर्षं त्याची खात्रीची नोंद नव्हती आणि तो नामशेष झाला असं धरलं जात होतं. तोही झाडाच्या ढोलीत राहणारा पक्षी आहे. त्याला तांबटाची ढोली पुरत नाही, त्याला मोठी नैसर्गिक पोकळी लागते, म्हणजे जुनी झाडं लागतात. सातपुड्यात म्हातारं झाड उभं ठेवण्याची किंमत किती आहे ते त्यावरून समजावं.

लाकडी घरटं टांगलं तर तांबट येईल का?

तयार पेटीत तो सहसा येत नाही, त्याला कोरायला लागतं. त्यापेक्षा पांगाऱ्याचा किंवा शेवग्याचा जाड वाळका ओंडका झाडाच्या उभ्या फांदीला घट्ट बांधा, जमिनीपासून पुरेसा उंच, मांजर पोचणार नाही असा. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी त्यावर कोरल्याच्या खुणा दिसल्या.

पाण्याचं भांडं ठेवलं तर येतो का?

जरूर ठेवा, बुलबुल आणि चिमण्या येतील. तांबटाला फळातूनच बरंच पाणी मिळतं, त्यामुळे तो फार वेळा दिसला नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

तो उन्हात ओरडून पाणी मागतो का?

दुसरीतल्या एका मुलीने विचारलं होतं. नाही गं बाई, तो जोडीदार शोधतो आणि 'ही जागा माझी' असं बाकीच्यांना सांगतो. त्याच्या विणीचे दिवस आपल्या उन्हाळ्याशी जुळतात, म्हणून तो आपल्याला तहानलेला वाटतो.

थंडीत तो कुठे जातो?

कुठेच नाही. स्थलांतर करत नाही, इथेच असतो, फक्त गप्प असतो. डिसेंबरात पिकलेल्या पिंपळाखाली थांबा, दिसेल. हतनूरच्या धरणावर तेव्हा लांबून आलेली बदकं पाहायला गर्दी असते, आणि काठावरच्या झाडात हा आपला माणूस मुकाट फळं खात असतो.

पकडून पिंजऱ्यात ठेवता येईल का? बाजारात 'बसंता' म्हणून विकतात असं ऐकलं.

नाही. 'बसंता' हे त्याचं हिंदी नाव, बऱ्हाणपूरकडे गेलात की तेच ऐकू येईल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार हा संरक्षित पक्षी आहे. पकडणं, पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. आणि दिवसभर ताजी फळं खाणारा, लाकूड कोरणारा पक्षी पिंजऱ्यात जगत नाही. कुणी विकताना दिसलं तर पैसे देऊन सोडवू नका, उद्या तो आणखी पकडून आणेल. वनविभागाला कळवा. १९२६ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक आहे.

पिल्लू खाली पडलं आहे. काय करू?

आधी पंख बघा. पूर्ण पिसं आली असतील आणि थोडं फडफडत असेल तर ते उडायला शिकतंय. मांजर-कुत्रं लांब ठेवा, पिल्लू जवळच्या उंच फांदीवर ठेवा आणि तुम्ही बाजूला व्हा. आई-बाप आवाजावर येतात. माणसाचा हात लागला तर पक्षी पिल्लू टाकतात हा गैरसमज आहे.

पिसं नसतील आणि ढोली दिसत असेल, हात पोचत असेल, तर परत आत ठेवा. फांदीच तुटून पडली असेल तर ढोलीचा तुकडा पिल्लांसकट त्याच झाडाला, तोंड तिरकं खाली ठेवून बांधा. हे आम्ही एकदा केलं आहे, आणि दोन तासांत आई फळ घेऊन आली. जखमी असेल तर खोक्यात मऊ कापड घालून, झाकण लावून, भोकं पाडून अंधाऱ्या थंड जागी ठेवा आणि १९२६ वर फोन करा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. दूध-पोळी तर अजिबात नको.

यंदा आमच्या गल्लीत आवाजच नाही. का?

मागच्या वर्षभरात कुठलं मोठं झाड गेलं ते आठवा. रस्ता रुंद करताना कडेचे जुने वड आणि लिंब गेले की आवाज तिथूनच थांबतो. जोडी मरतेच असं नाही, पण फळ आणि ढोली दोन्ही नसली की ती जागा सोडते.

झाड लावायचं असेल तर कोणतं?

उंबर. लवकर वाढतं, वर्षातून अनेकदा फळतं, ओढ्याकाठी आणि विहिरीजवळ चांगलं येतं. जागा मोठी असेल तर वड किंवा पिंपळ, पण घरापासून लांब. अंगणात शेवगा. शेंगा तुम्हाला, फांदी त्याला.

पाहायला कुठे जाऊ आणि कधी?

तांबटासाठी कुठेही जायची गरज नाही, फेब्रुवारीत गच्चीवर जा. कुटुर्ग्यासाठी रावेर तालुक्यातलं पाल आणि तिथलं यावल अभयारण्य ही माझी आवडती जागा आहे. हे अभयारण्य १९६९ पासूनचं, १७७ चौरस किलोमीटरचं. शिरपूरकडच्यांना अनेर धरणाचं अभयारण्य जवळ पडेल, नंदुरबारकरांना तोरणमाळ, चाळीसगावकरांना पाटणादेवी. मार्चमध्ये जा, सूर्य उगवायच्या आत पोचा. अभयारण्यात जाताना नाक्यावर रीतसर नोंद करा आणि फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत तो अंडी सोडून परक्या नराला हाकलायला धावत येतो आणि उगाच दमतो.

तिथे गेल्यावर फार चालू नका. पिकलेलं एक उंबर हेरा, खोडापासून दहा-पंधरा पावलांवर सावलीत सतरंजी टाका आणि तासभर हलू नका. पहिली पंधरा मिनिटं काही दिसणार नाही. मग एका फांदीवरचं एक पान हळूच मान वळवेल.